चावडीतलं मखर

आमच्या गावात एकेकाळी संग्रहालय होतं, असं मी सांगितलं की घरातली पोरं एकमेकांकडे बघतात. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटत असणार. केनवडच्या बाजाराला बैलगाडीनं जाणारं गाव ते. चिखलाच्या दिवसांत गाडीही जात नसे. शाळा मारुतीच्या पारावर भरे, दवाखाना नव्हता, आणि बाईमाणसाला आडोशाला जायचं तर अंधाराची वाट बघावी लागे. पण संग्रहालय होतं. त्याच्यावर पाटीसुद्धा होती, निळ्या रंगात, 'ग्राम इतिहास संग्रहालय' अशी. ती वाचता येणारी माणसं गावात फार नव्हती, आणि जी होती त्यांनीच ती लावली होती.

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला, त्या सुमाराची ही गोष्ट. सरकार बदललं म्हणजे आता नवे साहेब येणार, आणि साहेब येणार म्हणजे त्यांना दाखवायला काहीतरी हवं, असं गावातल्या शहाण्यांच्या डोक्यात आलं. विहिरीला कठडा नव्हता तो बांधून दाखवता आला असता. पण कठड्याच्या उद्घाटनाला कोण येतो? म्हणून चावडीत संग्रहालय.

शहाणे म्हणजे मुख्यतः दोघं. एक गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, ते संग्रहालय समितीचे अध्यक्ष. दुसरे शाळेचे हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बाकीचे सभासद सतरंजीवर बसण्यापुरते. अध्यक्षांची जमीन नाल्यापासून थेट शिवेपर्यंत होती आणि आवाज त्याहून लांब जायचा. गुरुजी आमच्याच गावचे, आमच्यासारखेच काळ्या मातीत वाढलेले. पण शाळेत आणि चावडीत ते पुस्तकातली भाषा बोलत आणि घरी म्हशीशी वऱ्हाडी बोलत. मला वाटतं त्यांचं खरं मन म्हशीलाच ठाऊक असेल.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर गुरुजी घरोघर फिरू लागले. गावाचा इतिहास गोळा करायचा होता ना. इतिहास म्हणजे जुन्या वस्तू, असं ठरलेलं. लोकांनीही इमानेइतबारे घरातली अडगळ काढून दिली. फुटकं घंगाळ, खुंटा गेलेलं जातं, बुरसटलेला अडकित्ता, कान तुटलेली कढई. गुरुजींनी प्रत्येकापुढे चिठ्ठी लावली. घंगाळापुढे 'प्राचीन स्नानपात्र' असं लिहिलं होतं. तसंच घंगाळ आमच्या न्हाणीत रोज वापरात होतं, फक्त ते फुटकं नव्हतं. आणि अर्धी चावडी तर अध्यक्षांच्याच घरानं भरली. त्यांच्या वडलांची काठी, वडलांची पगडी, वडलांच्या जोड्यातला एक जोडा. दुसरा कुत्र्यानं नेला असेल. वडलांनी मारलेल्या बिबट्याचं कातडं होतं, त्याला कसर लागली होती आणि वास येत होता. ज्या गावानं त्या वडलांच्या वेठीला उन्हात जन्म काढले, त्या गावाचा इतिहास म्हणजे त्यांचा जोडा. लोक ओळीनं जाऊन जोड्याला हात जोडत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. रिसोडला दिलेली होते मी. त्यामुळे त्या उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत जे झालं ते मला कुणाकडून ऐकावं लागलं नाही.

माझे वडील लहान शेतकरी. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, बस. चावडीत ते दाराशी, काढलेल्या जोड्यांजवळ बसत. दुकानदार आधी दुसऱ्यांचं माप घाली आणि मग त्यांचं. कुणाच्या लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवलेलं मला आठवत नाही. माणूस स्वभावानं गरीब, आणि गरिबीनं आणखी गरीब. पण वर्षातला एक दिवस त्यांचा होता. पोळ्याला गावच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जायची. अध्यक्षांच्या जोड्या मागून.

हा मान आमच्या घराला कसा आला ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे आमच्या खापरपणज्याच्या बैलांनी गावच्या विहिरीचा पहिला दगड ओढला. कुणी म्हणे गुरांना मातेची साथ आली तेव्हा गावात एकच जोडी वाचली, ती आमची. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी कुणीतरी पारावर बसून रचल्या असतील. पण मानाची खूण मात्र आमच्याकडे खरी होती, ती म्हणजे मखर. सागवानी लाकडाची चौकट, वरून पितळी पत्रा, पत्र्यात बारके आरसे बसवलेले आणि माथ्यावर मोरपिसं खोचायला भोकं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभं राहून वडील ते उजव्या बैलाच्या शिंगांमध्ये बांधत. मखर बांधलं की डफडं वाजे, आणि डफडं वाजलं की पोळा फुटे, जोड्या तोरणाखालून निघत. तोवर अध्यक्षांनाही उन्हात उभं राहावं लागे. आमच्यासारख्या माणसासाठी आपल्याला उभं राहावं लागतं, हे त्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं खुपत होतं. हे सगळ्या गावाला कळत होतं, फक्त माझ्या वडलांना कळत नव्हतं.

तर गुरुजी आमच्याही घरी आले. ओट्यावर बसले, गुळाचा चहा घेतला आणि मखर मागितलं.

"ठेवायला द्या," असं म्हणाले ते. शब्द हाच होता, मी दाराच्या आत बसून ऐकत होते. "तुमच्याकडे ते कोनाड्यात धूळ खात पडलं आहे. तिथे काचेच्या कपाटात राहील. सगळ्या गावाला बघायला मिळेल."

वडलांचा चेहरा असा खुलला की मला त्यांची दया आली आणि रागही आला. आपल्या घरची वस्तू चावडीत, काचेच्या कपाटात!

"देवाचा मुखवटा कसा वर्सभर देवळात राह्यते अन् पालखीच्या दिवशी भाईर निंगते," ते मला समजावू लागले, "तसंच हे. पोळ्याले काढाचं, बांधाचं, अन् सांजीले पुन्हा ठिवून द्याचं."

गुरुजींनी हे ऐकलं. मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, चहा तेवढा संपवला.

आता चूक कुठं झाली ते सांगते, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. गुरुजींनी मखर पिशवीत घालायला घेतलं तशी माय आतून बाहेर आली.

"मानाची वस्तू हाय, गुरुजी," ती म्हणाली. "चाळनी मांगून नेल्यावानी नेसान काय?"

मग तिनं मखर चिंचेनं घासलं, पुसलं, पाटावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. घरातून लेक निघते, गाय निघते तेव्हा करतात तसं तिनं सगळं साग्रसंगीत केलं, कारण घरातली मोलाची वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची दुसरी रीत तिला माहीतच नव्हती. आणि शेवटी तांब्या घेऊन गुरुजींच्या ओंजळीत पाणी सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, उलट गुरुजी क्षणभर चपापले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. त्यांनी ओंजळ नीट पुढे केली, डोळे मिटले आणि 'स्वस्ति' म्हटलं. असल्या लोकांना कपट करावं लागत नाही. आमच्यासारखे भोळे लोक सगळं धुऊनपुसून, वर पाणी सोडून त्यांच्या हातात नेऊन देतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वडील मखर आणायला चावडीत गेले. डोक्याला धुतलेलं पागोटं, हातात मोरपिसांची जुडी. परत आले तेव्हा जुडी तशीच हातात होती.

"नाही देत म्हनते," ते ओसरीत बसत म्हणाले.

"काहून?" मायनं विचारलं.

"तू उदक सोडलं म्हनते. दान झालं म्हनते थे."

माय पीठ चाळत होती, ती तशीच थांबली. वडील तिला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. वाशिमहून साहेब उद्घाटनाला येणार होते, म्हणून मुद्दाम पोळ्याचा दिवस धरला होता. मखर तोरणापाशी टेबलावर मांडणार होते, साहेबांना बघायला. आणि मान मखराचा, मखर आता गावाचं, गावाचे अध्यक्ष हे. म्हणून पहिली जोडी त्यांची. असा हिशेब गुरुजींनी मांडला होता. अध्यक्ष स्वतः एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्यासारख्यांना बोलावं लागतच नाही, बोलायला गुरुजी असतात.

गावातली बाकीची माणसं? ती मूग गिळून बसली. ज्यांच्यासाठी माझ्या वडलांनी अर्ध्या हाकेला गाडी जुंपली होती, त्या सगळ्यांना त्या दिवशी एकाएकी कामं निघाली. माझे सख्खे काका तर समितीत होते. ते म्हणाले, "जाऊ दे ना. एका दिवसाची तं गोठ हाय." एका दिवसाचीच गोष्ट होती, हे खरं. वडलांकडे दुसरा दिवसच नव्हता.

मी मायजवळ लेकरू दिलं, पदर घेतला आणि कुणाला न सांगता गुरुजींच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसून उद्घाटनाचं भाषण पाठ करत होते.

"गुरुजी, उद्या पोळा हाय," मी म्हटलं. "मखर द्या. सांजीले मी सोता वापस आनून देतो."

"वस्तू संग्रहालयाबाहेर जात नसते."

"टेबलावर तं जाऊन राह्यली."

"ते प्रदर्शन आहे," ते म्हणाले. "हे बघ, तुझ्या आईनं आपल्या हातानं दान दिलं. दिलेलं दान परत मागणं तुमच्या घराण्याला शोभत नाही."

"दान नाही देलं तिनं. मखराचा मान केला."

"उदक सोडलं की नाही?"

"सोडलं."

"मग झालं तर." त्यांनी कागद उचलला. "आणि वडलांना सांग, संग्रहालय सर्वांसाठी खुलं आहे. कधीही यावं, बघावं. त्यांना मज्जाव नाही."

गोठ्यात म्हैस ओरडली. "थांब वं माय, पानी दाखोतो तुले," गुरुजी मायेनं म्हणाले, आणि उठून गेले. मी अंगणात उभीच. माणसाबद्दल किळस वाटणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं, आणि गुरुजी जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती कमी झालेली नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मधे अडथळा नको. ते संग्रहालय फार टिकलं नाही. साहेब येऊन गेले, वर्तमानपत्रात काही छापून आलं नाही, आणि अध्यक्षांचा उत्साह आटला. घंगाळ कुणीतरी मोडीत घातलं. बिबट्याचं कातडं उंदरांनी संपवलं. पुढे त्या चावडीत खताची पोती आली, आणि गावाच्या इतिहासापेक्षा त्या पोत्यांचा गावाला जास्त उपयोग झाला. मखराचे आरसे पोरांनी उचकटून नेले असं ऐकलं. मी काही बघायला गेले नाही.

तर आदल्या दिवशीची संध्याकाळ. वडलांनी बैलांची खांदमळणी केली, अगदी दरवर्षीसारखी. खांद्यांना तूपहळद चोळली, पळसाच्या पानांनी खांदे शेकले आणि दोघांच्या कानांशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." 

दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "नका नेऊ बैल. घरीच पूजा करू आपन."

"काल आवतन देलं त्यायले," वडील म्हणाले. "बलावून पंगतीतून उठवाचं काय?"

त्यांनी शिंगं रंगवली, झुली घातल्या, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या. मोरपिसांची जुडी मात्र कोनाड्यातच राहिली.

पोळा भरायचा तो गावाबाहेरच्या आखरावर, सकाळी गुरं जमायची त्या मोकळ्या जागेत. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण, आणि त्या वर्षी उजव्या खांबाला लागून टेबल. टेबलावर कुणाच्या तरी घरची फुलाफुलांची चादर, तिच्यावर मखर, मखरापुढे चिठ्ठी. शेजारी खुर्चीत साहेब, घाम पुसत. आम्ही बाया लिंबाच्या सावलीत उभ्या होतो. गुरुजींचं भाषण झालं. त्यात पूर्वज होते, परंपरा होती, संस्कृती होती, आमचं घर मात्र नव्हतं. मग डफडं वाजलं आणि अध्यक्षांची जोडी तोरणाखालून गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

वडील कुठंतरी मधेच उभे होते. पुढच्या जोड्या सरकत गेल्या आणि आमची जोडी तोरणाखाली आली.

आमचा उजवा बैल म्हातारा होता, पांढरा, शिंगं आत वळलेली. आमच्या घरी तो लहानाचा मोठा झालेला. कितीतरी पोळ्यांना त्याच जागी त्याच्या डोक्यावर मखर चढलं होतं. त्यानं टेबलाकडे पाहिलं, थांबला, पुढचे पाय जुळवले आणि मान खाली घातली. दरवर्षी बांधून घ्यायला घालायचा तशी.

वडलांनी कासरा ओढला. बैल हलला नाही. त्यांनी त्याच्या मानेवर थाप दिली, तोंडानं चुचकारलं, कानाशी काहीतरी बोलले. बैलानं मान आणखी खाली घातली. त्याचं बरोबर होतं. आधी मखर, मग पुढे जायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. चादरीवरचं मखर त्याच्या शिंगांपासून हातभर अंतरावर होतं. वडलांनी हात लांबवला असता तर बांधून झालं असतं.

मागच्या जोड्या दाटू लागल्या.  ज्यांना ज्यांना ते मखर कुणाचं आहे हे ठाऊक होतं, म्हणजे अख्खं गाव, ते सगळे जमिनीकडे बघत होते. अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत होते. माझे काका कुठं दिसेनात.

"काय झालं त्याला?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब," गुरुजी हसून म्हणाले. "जनावर आहे."

वडलांनी एकदा मखराकडे पाहिलं. एकदा गुरुजींकडे पाहिलं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलावर हात उगारत नाहीत, टोचायची तुतारी दाखवत नाहीत, शिवीसुद्धा देत नाहीत. एरवीही माझ्या वडलांनी त्या बैलाला कधी मारलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी कासऱ्याचं टोक हाताला गुंडाळलं आणि बैलाच्या पाठीवर, झुलीवरून, सण्णकन मारलं. बैल जागीच थरथरला. मान वर करून त्यानं वडलांकडे बघितलं. तो निघेना तेव्हा त्यांनी पुन्हा मारलं, आणि मग तो तोरणाखालून गेला.

घरी मायनं दारात बैलांचे पाय धुतले, ओवाळलं. झूल काढली तेव्हा पाठीवर वळ दिसले. तिथं तिनं हळद लावली आणि पुरणाची पोळी त्याच्या तोंडापुढे धरली. बैलाचं काय, त्यानं ती खाल्ली. आमच्या घरात ती दुसऱ्या कुणी खाल्ली नाही.